घरी बनवलेला एअरबॉक्स आणि हॉर्सपॉवर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं छोटं वर्कशॉप आहे. मुख्य काम इंजिनच्या बोअरिंगचं आणि हेडचं. पण संध्याकाळी शटर ओढायच्या वेळेला हमखास एखादा पोरगा येतो, पिशवीतून डबा काढतो आणि बाकावर ठेवतो. कधी पत्र्याचा, कधी फायबरचा, एकदा तर चक्क श्रीखंडाचा. "दादा, एअरबॉक्स केलाय. किती पॉवर वाढंल?" एअरबॉक्स म्हणजे इंजिनला हवा पुरवणारा, आत फिल्टर असलेला डबा. तीच उत्तरं देऊन देऊन तोंड दुखलं, म्हणून एकदाच लिहून काढली. मधेमधे आकडे येतील. ज्याला गणिताचा कंटाळा त्यानं ते ओलांडून पुढं जावं.

सरळ सांगा, किती हॉर्सपॉवर वाढते?

कंपनीतून आली तशी गाडी असेल आणि बाकी काही बदललं नसेल, तर २० हॉर्सपॉवरच्या गाडीवर नीट केलेल्या डब्यानं अर्धा हॉर्सपॉवर दिला तरी मी चहा पाजतो. घाईत केलेला डबा मात्र एखादा हॉर्सपॉवर सहज खातो. आणि खातो तोही नेमका ३ ते ५ हजार आरपीएमच्या (मिनिटाला इंजिनच्या फेऱ्या) टप्प्यात, म्हणजे आपण रोज जिथं गाडी चालवतो तिथंच.

डबा पॉवर तयार करत नाही. पॉवर पेट्रोल जळून येते आणि ते जळायला हवा लागते. १ ग्रॅम शुद्ध पेट्रोल पुरतं जळायला १४.७ ग्रॅम हवा लागते, इथेनॉल मिसळलेलं असेल तर थोडी कमी. इंजिनपर्यंत जाताना वाटेत जी हवा अडते, तापते किंवा गळते, ती वाचवणं एवढंच डब्याच्या हातात आहे. कंपनीच्या इंजिनिअरनं ती बऱ्यापैकी वाचवून ठेवलेली असते, त्यामुळं आपल्याला उरलेलं शिल्लक फार नसतं.

मग ऐकायला तर गाडी पळतीय असं वाटतं?

आवाज वाढतो. तोटी, म्हणजे डब्यात हवा घेणारी नळी, कापली की हवा ओढण्याचा घुर्र आवाज थेट टाकीखालून कानात येतो आणि माणसाला पळाल्यासारखं वाटतं. मी स्वतः फसलोय. पुढं सांगतो.

कंपनी डबा देतेच कशाला? एवढंसं तोंड ठेवून गळा आवळल्यागत का करतात?

सगळ्यात जास्त गैरसमज इथं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

१५० सीसीचं एक सिलिंडरचं फोर स्ट्रोक इंजिन ८,००० आरपीएमला फिरतंय असं धरा. दोन फेऱ्यांत एकदा ते हवा ओढतं, म्हणजे मिनिटाला ४,००० घोट. दर घोटाला सिलिंडर ९० टक्के भरतो असं धरलं तर मिनिटाला ५४० लिटर, सेकंदाला ९ लिटर हवा. एक घागर हवा दीड सेकंदात फस्त.

आता डब्याचं तोंड २५ मिलिमीटरचं आहे. त्यातून सेकंदाला ९ लिटर हवा एकसारखी वाहिली तर तिचा वेग पडतो सेकंदाला साधारण १८ मीटर. या वेगाला दाबाचं नुकसान अगदी किरकोळ, पाव टक्क्याच्या आसपास. पण इंजिन एकसारखं ओढत नाही. चार स्ट्रोकपैकी एकातच ओढतं आणि तीन स्ट्रोक गप्प बसतं. मधे डबा नसेल किंवा डबा अगदीच बारका असेल, तर तीच हवा त्याच तोंडातून पाव वेळात जायला हवी. वेग चौपट होतो, ७० मीटरच्या पुढं जातो. नुकसान वेगाच्या वर्गानं वाढतं, म्हणजे सोळापट. पाव टक्क्याचे तीन-चार टक्के झाले.

आपल्या गच्चीवरच्या टाकीचं काम असंच चालतं. महापालिकेचं पाणी करंगळीएवढ्या धारेनं येतं, पण टाकी असल्यामुळं न्हाणीघरात नळ पुरा सोडता येतो. डबा म्हणजे हवेची टाकी. इंजिन टाकीतून घोट घेतं आणि पुढच्या घोटापर्यंत तोटी सावकाश टाकी भरत राहते. म्हणून टाकी पुरेशी मोठी असेल तर तोंड बारीक दिसलं तरी गळा आवळला जात नाही. पोरं तोंड मोठं करतात आणि टाकी लहान करतात. नेमकं उलटं.

मग डबा किती लिटरचा हवा?

ठोकताळा असा, की इंजिनच्या सीसीच्या किमान दहापट. १५० सीसीला दीड लिटर हे तळाचं माप झालं. जागा असेल तर मी तीन लिटरच्या खाली जात नाही. यात फिल्टरच्या अलीकडची, म्हणजे इंजिनच्या बाजूची स्वच्छ जागाच धरायची.

वाकडातिकडा डबा मोजायचा कसा, असं विचारतात. सगळी भोकं बंद करून त्यात ज्वारी भरा आणि लिटरच्या मापानं ज्वारी मोजा. पाणीही चालतं, पण जोड गळका असेल तर बाक भिजतो आणि वडील ओरडतात.

नुसता मोठा केला की झालं?

नाही. तोटीची लांबीही त्याच हिशेबात येते.

रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की भुंऽऽ असा एकच सूर निघतो. बाटलीतली हवा स्प्रिंगसारखी आणि गळ्यातली हवा त्या स्प्रिंगला टांगलेल्या वजनासारखी वागते. तुमचा डबा ही बाटली आहे आणि तोटी हा तिचा गळा. इंजिनचे घोट त्या सुराच्या जवळपासच्या गतीनं पडायला लागले, की ऐन वेळेला डब्यात दाब थोडा चढलेला सापडतो आणि सिलिंडर जरा जास्त भरतो. पाळण्याला योग्य वेळी झोका द्यावा तसं.

तीन लिटरचा डबा, २५ मिलिमीटर व्यासाची आणि १०० मिलिमीटर लांब तोटी घ्या. तिचा सूर सेकंदाला ६४-६५ कंपनांचा येतो. एक सिलिंडरचं फोर स्ट्रोक इंजिन असे घोट ७,७०० आरपीएमच्या आसपास घेतं. म्हणजे १५० सीसीच्या गाडीला टॉपला हा डबा मदत करील. त्याच तोटीला सहा लिटरचा डबा लावला तर सूर ४५ वर उतरतो आणि मदत ५,४०० च्या आसपास येते. घाटात चालवणाऱ्याला हेच बरं. अगदी त्या आकड्यावरच सगळं घडतं असं नाही. एका जागी उंचवटा आला की शेजारी खड्डाही पडतो. दोन्ही कुठं पडू द्यायचे एवढंच आपल्या हातात.

तोटी मुळासकट कापली तर?

वरच्याच तीन लिटरच्या डब्याची तोटी कापून नुसतं भोक ठेवलं, तर सूर चढून इंजिनच्या हिशेबात १७ हजार आरपीएमला जातो. तिथं आपली गाडी जन्मात पोचणार नाही. ७,७०० च्या आसपास मिळत होती ती मदत गेली आणि वर काहीच मिळालं नाही. पदरात पडला फक्त आवाज.

माझी फजिती हीच. पंचविशीत होतो. मित्राच्या गाडीला दोन लिटरच्या ऑइलच्या डब्याचा एअरबॉक्स केला, तोटी नाही, हातभर भोक. आवाज असा की गंगावेशीत माणसं वळून बघायची. चैत्रात मागं मावसभावाला बसवून जोतिबाला निघालो. सपाटीला छाती फुगवून चालवली. चढ लागला तसा तिसरा गिअर ओढेना, दुसऱ्यावर आलो. वळणावर गुलालानं माखलेले दोन आजोबा जुनी स्कूटर घेऊन शेजारून निघून गेले, आणि त्यातल्या मागच्यानं हात जोडून "चांगभलं" म्हटलं. मावसभाऊ अजून लग्नकार्यात ही गोष्ट सांगतो. दुसऱ्या दिवशी कंपनीचा डबा परत चढवला, त्याच चढाला गाडी तिसऱ्यावर गेली.

थंड हवेनं खरंच फरक पडतो?

पडतो, आणि घरी करता येण्यासारखं सगळ्यात खात्रीचं काम हेच. हवा तापली की पातळ होते. डब्यातली हवा ४० अंशांवरून ६० वर गेली तर ती ६ टक्के विरळ होते. पॉवर तेवढीच्या तेवढी पडत नाही, साधारण निम्म्यानं, म्हणजे तीन-साडेतीन टक्के पडते. कारण गार हवाही पोर्टमधून आत जाताना तापतेच. तरी २० हॉर्सपॉवरवर हा अर्ध्या हॉर्सपॉवरपेक्षा जास्त झाला. डब्याच्या आकारावर महिनाभर डोकं खाजवून एवढं मिळत नाही.

एप्रिलच्या दुपारी दाभोळकर कॉर्नरला सिग्नलला उभे राहा आणि टाकीखाली हात घाला, मग कळेल. तिथं तोंड उघडणारा डबा इंजिनच्या फिन्सवरून आलेली भाजकी हवा पितो. उघडा कोन फिल्टर सरळ कार्बोरेटरवर बसवला की तेच होतं. तोंड सीटखाली, इंजिनपासून आडोशाला न्या. मधे पातळ पत्र्याचा पडदा द्या, पण तो डब्याला टेकू देऊ नका. आणि डबा शक्यतो प्लास्टिकचा किंवा फायबरचा करा, धातूचा डबा तापतो आणि तापलेलाच राहतो.

समोर तोंड केलं तर वारा आपोआप भरेल ना? मोठ्या गाड्यांना असतं तसं.

गणित करू. ताशी १०० किलोमीटरला समोरच्या वाऱ्याचा पुरा दाब वापरता आला तरी तो हवेच्या दाबाच्या अर्धा टक्काही भरत नाही. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, म्हणून २०० ला जेमतेम पावणेदोन-दोन टक्के आणि ३०० ला चार टक्के. ३०० ला पळणाऱ्या गाडीवर ते परवडतं. शिरोली नाक्यापासून कागलपर्यंत ऐंशीनं जाणाऱ्याला समोरच्या तोंडातून फुकट मिळतात ते किडे आणि पावसाचं पाणी.

आतल्या पाईपला घंटेसारखं तोंड लावतात ते फॅशन म्हणून?

नाही, ते कामाचं आहे. डब्यात डोकावणारा, धार तशीच ठेवलेला पाईप हवेला वाईट वागवतो. धारेवरून वळताना हवा भिंत सोडते आणि पाईपच्या मधोमध आकसून जाते, त्यामुळं ४० चा पाईप आतून ४० चा राहतच नाही. तोंड गोलसर उमललेलं असेल तर हे नुकसान जवळपास संपतं. गोलाई पाईपच्या व्यासाच्या पाचव्या हिश्शाएवढी असली तरी भागतं. लेथवर नायलॉनच्या गट्टूतून अर्ध्या तासात निघतं. फक्त ते तोंड डब्याच्या भिंतीला चिकटवून ठेवू नका, समोर किमान अर्ध्या व्यासाएवढी मोकळी जागा हवी.

फिल्टर काढूनच टाकला तर? हवा मोकळी.

आणि सिलिंडरही मोकळा. उसाच्या हंगामात कारखान्याच्या रस्त्यानं ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागं एक फेरी मारा आणि घरी येऊन पांढऱ्या फडक्यानं डब्याचं तोंड पुसा. त्या धुळीत वाळूचे कण असतात, ते पिस्टन रिंगला पॉलिश पेपरसारखे घासतात. असे बोअर आमच्याकडं येतात, वर बोट फिरवलं की काठ लागतो. बोअरिंग, पिस्टन आणि रिंगांचं बिल दिलं की वाढलेला अर्धा हॉर्सपॉवर फार महाग पडतो.

फिल्टरचा अडथळा कमी करायचा तर फिल्टर काढू नका, मोठा लावा. कागदाच्या घड्या जास्त असलेला, क्षेत्रफळ जास्त असलेला. फोमचा असेल तर त्याला फिल्टरचं तेल लावलेलं असलंच पाहिजे. कोरडा फोम बारीक धूळ सोडून देतो.

डबा बदलल्यावर जेट बदलावे लागतात का?

जेट म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोकाचं तोटकं. कार्बोरेटरची गाडी असेल तर बघावंच लागतं. हवा मोकळी झाली की कार्बोरेटरच्या तोंडाशी ओढ कमी होते, पेट्रोल कमी निघतं आणि मिक्श्चर लीन होतं. लीन गाडी पहिल्यांदा हलकी आणि चपळ वाटते, म्हणून पोरं खूश होतात. मग पुरी रेस पिळून लांब गेलं की पिस्टन तापतो, ठोके येतात, कधी पिस्टनला भोक पडतं. मेन जेट एक-एक नंबरनं वाढवत जा, पुरी रेस देऊन गाडी एकदम बंद करा आणि प्लगचा रंग बघा. जास्तीत जास्त पॉवर हवा-पेट्रोल साडेबारा-तेराला एक असताना मिळते, १४.७ ला नाही.

इंजेक्शनची गाडी "आपोआप जमवून घेते" असं दुकानदार सांगतात. अर्धं खरं. सायलेन्सरमधला ऑक्सिजन सेन्सर सावकाश चालवताना दुरुस्ती करत असतो. पुरी रेस पिळली की बहुतेक गाड्या आतल्या तक्त्याप्रमाणे पेट्रोल सोडतात, आणि तो तक्ता जुन्या डब्यावर बेतलेला असतो.

पॉवर वाढली की कमी झाली हे डायनोशिवाय, म्हणजे पॉवर मोजायच्या यंत्राशिवाय, कळेल का?

पॉवर नाही मोजता येणार, पण डबा अडवतोय का हे शंभरभर रुपयांत मोजता येतं. गवंडी लेव्हल काढायला पारदर्शक पाईप वापरतात तो दोन-तीन मीटर आणा. मधोमध यू आकारात वाकवून लाकडी पट्टीला बांधा, निम्म्यापर्यंत पाणी भरा, ओळखू यावं म्हणून थेंबभर नीळ टाका. एक टोक डब्यात, फिल्टरच्या अलीकडच्या बाजूला बारीक भोक पाडून बसवा, दुसरं उघडं सोडा. पट्टी उभी ठेवून मागच्या माणसाकडं द्या आणि त्याला मोबाईलवर शूटिंग करायला सांगा. चालवणाऱ्यानं रस्त्याकडंच बघायचं.

एक सिलिंडरच्या गाडीत पाणी थयथयाट करतं. पाईपमध्ये एखादा जुना पायलट जेट अडकवा, शांत होतं. मोकळ्या रस्त्यावर पुरी रेस द्या आणि दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीतला फरक बघा. १०० मिलिमीटर फरक म्हणजे साधारण एक टक्का दाब गेला. माझ्याकडं आलेल्या एका फायबरच्या देखण्या डब्यात तीनशेच्या वर फरक होता. आत बघितलं तर फिल्टरची मागची बाजू डब्याच्या भिंतीला टेकलेली, अर्धा फिल्टर मुका. तिथं बोटभर जागा केली, फरक दीडशेच्या खाली आला. डब्याचा आकार तोच, रंग तोच.

डायनोवर गेलात तर जुना डबा, नवा डबा, परत जुना डबा असं मोजा. फक्त "आधी आणि नंतर" मोजलं तर इंजिन तापल्याचा फरकही नव्या डब्याच्या नावावर जमा होतो. आणि आपलं गाव समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंच आहे. निव्वळ उंचीमुळं रत्नागिरीच्या तुलनेत इथं सहा-सात टक्के पॉवर कमीच असते. डायनोचा कागद दुरुस्त केलेला आकडा दाखवतो की प्रत्यक्ष, हे विचारून घ्या, नाहीतर रत्नागिरीच्या भाच्याशी उगाच भांडण व्हायचं.

कशाचा बनवू?

फायबर उत्तम, जाड प्लास्टिक चालतं. सिलिकॉन मात्र पेट्रोलची वाफ लागून फुगतं आणि सुटतं, जोडाला इपॉक्सी वापरा. डब्याच्या आत, फिल्टरच्या अलीकडं, सुटा होऊ शकेल असा एकही नट, रिव्हेट किंवा स्क्रू नको. तो खाली पडत नाही, व्हॉल्व्हकडं जातो. झाल्यावर आत टॉर्च लावून अंधारात बघा, उजेड बाहेर आला तर तिथून धूळ आत जाणार.

यामाहाच्या आरएक्स हंड्रेडला हेच लागू?

तत्त्व तेच, आकडे वेगळे. टू स्ट्रोक दर फेरीला हवा ओढतं, त्यामुळं वरचा ७,७०० चा डबा तिथं ३,८०० च्या आसपासच बोलायला लागेल. आणि खरं सांगू का, टू स्ट्रोकची पॉवर मागच्या पाईपात असते. आधी सायलेन्सर साफ करा.

कॉलेजच्या फॉर्म्युला कारसाठी करायचाय.

तो वेगळा प्राणी आहे. पेट्रोलच्या गाडीला स्पर्धेच्या नियमानं २० मिलिमीटरचा रिस्ट्रिक्टर, म्हणजे हवा आवळणारा गळा, असतो. त्यातून समुद्रसपाटीला सेकंदाला ७४ ग्रॅमपेक्षा जास्त हवा जाऊच शकत नाही, कारण गळ्यात हवेचा वेग आवाजाच्या वेगाला पोचतो. आपल्याकडं तर सत्तरच्या आसपास. तुमचा डबा या गळ्याच्या पुढं असतो, त्यामुळं तो निर्वात सोसणारा हवा. बाजू सपाट केल्या तर आत ओढल्या जातात. गळ्यानंतरचा पसरट भाग हळूहळू, सहा-सात अंशांनी उघडा.

पावसाळ्यात काय?

तोंड खाली वळवा, तळाला पाणी निथळायला बारीक भोक आणि त्यावर रबरी टोपी. पंचगंगेचं पाणी रस्त्यावर आलं असेल तर गाडी घालूच नका. डब्यातून पाणी सिलिंडरमध्ये गेलं की ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

आरटीओ पकडतं का?

कायद्यानं पकडू शकतं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं दिलेल्यापेक्षा वेगळा बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकानं केलेल्या दर बदलामागं ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. ट्रॅकवर चालवायच्या गाडीवर काय ते प्रयोग करा.

जुना डबा भंगारात घालू का?

अजिबात नको. दोन्ही तोंडांना फडकं कोंबून माळ्यावर ठेवा. फडकं विसरू नका, एकाच्या डब्यात उंदरानं बाळंतपण उरकलं होतं, आणि ते त्याला गाडी सुरू होत नाही म्हणून माझ्याकडं ढकलत आणल्यावर कळलं.